‘अवज्ञा’ या शब्दापाशी थांबलेले तीन रविवार

९ मार्च २०२५, रविवार. नाशिकच्या पंचवटीतल्या एका वाचनालयाची वरच्या मजल्यावरची खोली. सतरंजीवर चौदा माणसं आणि प्रत्येकाच्या हातात महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाची झेरॉक्स. वाचायला सुरुवात होऊन दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात पेठ तालुक्यातून आलेल्या अंगणवाडी सेविकेने हात वर केला. ‘‘वकीलताई, समपहरण म्हणजे अपहरणासारखंच काही का?’’

मी सांगितलं, ‘‘सरकारजमा करणं.’’ तिने त्या शब्दावर पेन्सिलीने ‘जप्त, परत नाही’ असं लिहिलं. बाकीच्यांनीही तेच लिहून घेतलं. मराठी सर्वांची मातृभाषा आणि विधेयकही मराठीतच, तरी पहिला तास आम्ही मराठीचं मराठी करण्यातच घालवला.

हे प्रकरण लिहून ठेवायचं कारण साधं आहे. कायद्याच्या मसुद्यावर लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा सामान्य माणसांनी नेमकं काय करायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. आम्ही चुकतमाकत शिकलो. काय जमलं, काय फसलं, दोन्ही इथे आहे.

आधी विधेयकाविषयी. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात मांडलं गेलं आणि त्या विधानसभेसोबतच संपलं. निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात ते पुन्हा आलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे, सदस्यांत विरोधी पक्षांचेही आमदार. समितीने जनतेकडून सूचना मागवल्या आणि १ एप्रिल २०२५ ही मुदत दिली. सरकारचं म्हणणं असं होतं की नक्षलवाद जंगलापुरता उरलेला नाही, शहरांतल्या ‘फ्रंट’ संघटनांमधून, म्हणजे वरवर वेगळं काम दाखवणाऱ्या संघटनांमधून, त्याला रसद मिळते, आणि छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा या राज्यांकडे आहे तसा कायदा महाराष्ट्राकडे नाही.

आमच्या गटात हे म्हणणं मनापासून मान्य असणारेही होते. पोलिस खात्यातून निवृत्त झालेले एक काका गडचिरोलीत नोकरी करून आले होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, ‘‘मी माझी माणसं सुरुंगात गेलेली बघितली आहेत. कायदा नको असं म्हणणार असाल तर मी निघतो.’’ आम्ही त्यांना थांबवलं. कायदा हवा की नको यावर मत देण्याआधी कलमं वाचायची, एवढंच ठरलं होतं. ते थांबले आणि तिन्ही रविवारी आले. आमच्या पत्रातली सर्वांत नेमकी सूचना त्यांची होती. त्याविषयी पुढे येईलच.

या खोलीआधी आम्हाला दुसरी जागा मिळाली होती. कॉलेज रोडच्या बाजूला एका संस्थेचा छोटा हॉल, भाडंही माफक. विश्वस्तांनी होकार दिला होता. नंतर त्यांच्यापैकी कुणीतरी विधेयकाची प्रत मागितली, म्हणून मी पाठवली. दोन दिवसांनी फोन आला, ‘‘ताई, गैरसमज नको, पण आम्हाला जमणार नाही.’’ कारण विचारल्यावर त्यांनी मला जागांविषयीचं कलम वाचून दाखवलं. बेकायदेशीर कृत्यांसाठी वापरली जाणारी जागा जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलिस आयुक्त अधिसूचित करून ताब्यात घेऊ शकतात, तिथे राहणाऱ्यांना बाहेर काढू शकतात, आतल्या वस्तूही ताब्यात जातात. त्या गृहस्थांना आमच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ‘‘उद्या तुमच्यातल्या कुणाचं नाव कशात आलं, तर आमच्या हॉलला कुलूप,’’ एवढंच त्यांचं म्हणणं. विधेयक अजून समितीपुढे होतं, कायदा झालेलाच नव्हता. तरी बैठकीची जागा गेली.

मला त्यांचा राग आला नाही. पण ही गोष्ट मी पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगितली, कारण मानवी हक्कांच्या दृष्टीने मसुदा तपासणं म्हणजे काय, हे तिच्यातून जितकं कळतं तितकं मी कलमं सांगून कळलं नसतं. कायद्याने कुणाला शिक्षा होईल, हा एक प्रश्न. शिक्षेच्या धास्तीने कोण काय करायचं थांबेल, हा दुसरा, आणि तो बहुतेक वेळा राहून जातो.

मसुदा तपासायची आमची पद्धत वकिली कमी आणि घरगुती जास्त होती. एक कलम मोठ्याने वाचायचं. मग प्रत्येकाने आपण प्रत्यक्ष केलेलं एखादं काम त्या कलमात बसवून बघायचं. बसतं का? कुठल्या शब्दामुळे बसतं? तो शब्द बदलला तर सरकारचा हेतू बिघडतो का?

‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येपाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. तीत हिंसाचार, स्फोटकं, रेल्वे-रस्ते उखडणं असे प्रकार आहेत. त्यावर कुणाचीच हरकत नव्हती. पण त्याच व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ठरणारं किंवा तिच्यात अडथळा आणण्याकडे कल असणारं कृत्यही आहे. कायद्याच्या प्रशासनात आणि त्याच्या संस्थांत अडथळा आहे. प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं किंवा तसा उपदेश करणं हेही आहे. आणि हे बोलून, लिहून, खुणेने किंवा चित्राने झालं तरी चालतं.

‘अवज्ञा’ हा शब्द वाचला आणि सातपूरच्या कारखान्यात युनियनचं काम करणारा एक जण खिडकीकडे बघत म्हणाला, ‘‘काळाराम मंदिर इथून पाच मिनिटांवर आहे.’’

त्यापुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच पंचवटीत मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे अनेक वर्षं नेटाने चालवला. दार बंद, पोलिसांचा पहारा, आणि दाराशी बसून राहिलेली माणसं. त्या घटनेला नुकतीच पंचाण्णव वर्षं झाली होती. आमच्यातल्या दोघांच्या पणजोबांनी त्यात भाग घेतला होता. त्यांनी केलेलं कृत्य या व्याख्येत बसतं का, असं विचारलं तर शब्दशः बसतं. ‘‘तसा अर्थ कुणी लावणार नाही,’’ हे उत्तर मी अनेकांकडून ऐकलं आहे. ते प्रामाणिकही असेल. पण मसुदा तपासणाऱ्याने अर्थ लावणाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबायचं नसतं. कायद्याचं पुस्तक एका सरकारकडून दुसऱ्याकडे जातं, आणि चांगुलपणा त्याच्यासोबत जाईलच असं नाही.

इथे मी गटाला श्रेया सिंघल खटल्याचं सांगितलं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द केलं. त्याचं एक मोठं कारण असं की त्यातले शब्द इतके सैल होते की काय केलं तर गुन्हा होतो हे नागरिकालाही कळू नये आणि पोलिसालाही. ‘कल असणारं’ हा शब्दप्रयोग त्याच जातीचा आहे, असं माझं मत आहे आणि ते मी पत्रात तसंच लिहिलं.

दुसरा रविवार १६ मार्च. धुळवड होऊन गेली होती, रंगपंचमी यायची होती. खाली चौकात रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरायचा जुना हौद, उघडायची लगबग, वर खोलीत आवाजच आवाज. त्या गोंगाटात आम्ही शिक्षेचं कलम वाचलं. बेकायदेशीर ठरलेल्या संघटनेचा सदस्य असला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सदस्य नसूनही त्या संघटनेला मदत केली, वर्गणी दिली किंवा घेतली, तिच्या माणसाला आसरा दिला, तर दोन वर्षं आणि दोन लाख. बेकायदेशीर कृत्य केलं तर सात वर्षं आणि पाच लाख. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र.

सुरगाण्याहून आलेले वनहक्कांचं काम करणारे दादा तोपर्यंत फारसं बोलले नव्हते. ते म्हणाले, ‘‘२०१८ ला आम्ही चालत गेलो ना, तेव्हा लोकांनी भाकरी दिल्या, चपला दिल्या. त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं तुम्ही कुठल्या संघटनेचे.’’ ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला किसान लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. दादा त्या रात्री चालले होते. त्यांचा मुद्दा साधा होता. संघटना बेकायदेशीर ठरली आहे हे माहीत असताना मदत केली तर गोष्ट वेगळी, पण भुकेल्याला भाकरी देणाऱ्याने आधी राजपत्र वाचावं का? ‘जाणीवपूर्वक’ असा शब्द तिथे असायला हवा, ही आमची दुसरी सूचना या भाकरीतून आली.

याच दादांनी गटाला एक मोठी गोष्ट दिली. ‘‘समितीला पत्र पाठवून काय होतं, तिकडे कोण वाचतं’’ अशी कुरकुर सुरू झाली होती. दादांनी विचारलं, ‘‘१३ डिसेंबर २००५ म्हणजे काय, माहीत आहे का?’’ कुणालाच माहीत नव्हतं. वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करायचा तर त्या तारखेपूर्वीचा ताबा लागतो. वनहक्काचं विधेयक संसदेत आलं तेव्हा त्यात २५ ऑक्टोबर १९८० ही तारीख होती. संयुक्त संसदीय समितीपुढे देशभरातल्या आदिवासी संघटनांनी आपलं म्हणणं मांडलं आणि २००६ च्या कायद्यात तारीख पंचवीस वर्षांनी पुढे सरकली. जमिनीची मर्यादा अडीच हेक्टरवरून चार हेक्टर झाली. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींनाही जागा मिळाली. ‘‘माझा दावा त्या तारखेवर उभा आहे,’’ दादा म्हणाले. कुरकुर थांबली.

दाद कुठे मागायची, हा तिसरा धागा. सरकारने संघटना बेकायदेशीर ठरवली तर ती सरकारनेच नेमलेल्या सल्लागार मंडळापुढे आपलं म्हणणं मांडू शकते. पण त्यानंतर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाखेरीज कुठेही जाता येत नाही. जिल्हा न्यायालयाचं दार बंद. मी नाशिकच्या कोर्टात वकिली करते, मला हे सवयीने फार मोठं वाटलं नव्हतं. पेठच्या ताईंनी हिशेब मांडला. गावातून एसटीने पेठ, पेठहून नाशिक, नाशिकहून मुंबई, तिथला वकील, तिथली फी, अंगणवाडीची सुट्टी. ‘‘म्हणजे आमच्यासाठी कोर्ट नाहीच ना ताई?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते वाक्य जसंच्या तसं पत्रात घातलं.

सल्लागार मंडळाचा इतिहासही सांगावा लागला, कारण हा प्रश्न नवा नाही. १९५२ मध्ये मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संघटना बेकायदेशीर ठरवण्याची सरकारला दिलेली सत्ता घटनाबाह्य ठरवली होती. सल्लागार मंडळाने एकतर्फी कागद बघून केलेला फेरविचार म्हणजे न्यायालयीन चौकशी नव्हे, असा त्या निकालाचा गाभा. केंद्राच्या १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात निदान उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं न्यायाधिकरण आहे, आणि त्याने शिक्कामोर्तब केल्याशिवाय बंदी टिकत नाही. त्या कायद्यावर माझे अनेक आक्षेप आहेत. तरी एवढी गोष्ट तिथे आहे आणि इथे का नाही, हे विचारणं रास्त होतं.

आता आमची चूक. दुसऱ्या रविवारनंतर मी एकटीने बसून आठ पानी निवेदन लिहिलं. राज्यघटनेचे अनुच्छेद १९(१)(क), १९(४), २१, भारताने १९७९ मध्ये मान्य केलेला नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, निकालांचे संदर्भ, सगळं त्यात होतं. २३ मार्चला ते वाचून दाखवलं तेव्हा खोलीत शांतता पसरली. ती कौतुकाची आहे असं मला क्षणभर वाटलं. मग ताई म्हणाल्या, ‘‘छान आहे, पण यात आम्ही कुठे आहोत?’’ तीन रविवार ज्यांनी कलमात आपलं आयुष्य बसवून बघितलं, त्यांच्यातलं कुणीच त्या आठ पानांत नव्हतं. भाकरी नव्हती, हॉल नव्हता, एसटी नव्हती. ते निवेदन मी मुंबईच्या ऑफिसात बसूनही लिहू शकले असते.

त्याच दुपारी पुन्हा लिहायला बसलो. डाव्या बाजूला कलम, मध्ये त्यामुळे अडणारं रोजचं काम, उजवीकडे आम्हाला हवा असलेला बदललेला मजकूर. चार पानं झाली. निकालांचे संदर्भ शेवटच्या परिच्छेदात. काहींना ‘विधेयक मागे घ्या’ एवढंच लिहायचं होतं. त्यांनी तसं स्वतंत्र पत्र पाठवलं, तोही हक्कच आहे. पण माझं मत आजही असं आहे की कलमवार, बदललेल्या शब्दांसह लिहिलेली सूचना नाकारणाऱ्याला निदान मनातल्या मनात कारण तरी शोधावं लागतं.

पोलिसकाकांची सूचना याच पानांत आली. मसुद्यात तपासाचे अधिकार उपनिरीक्षक दर्जापर्यंत होते. काका म्हणाले, ‘‘मी स्वतः उपनिरीक्षक होतो. त्या वयात, त्या दबावाखाली, एवढा कायदा हातात देऊ नका. उपअधीक्षकाच्या खाली नको.’’ कायद्याच्या बाजूने असलेल्या माणसाने कायद्याचा हात आखडायला सांगितला. खोलीत मतभेद असणारी माणसं हवीत ती याचसाठी. आम्ही सगळे एकाच मताचे असतो तर हे कलम कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

पाडव्याच्या आधी, २८ मार्चला पत्र रवाना झालं.

९ जुलै २०२५ ला समितीचा अहवाल सभागृहात आला. १० जुलैला विधानसभेने आवाजी मतदानाने विधेयक मंजूर केलं. विरोधात उभे राहिले ते डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनेही मंजुरी दिली. समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. मसुद्यात ठळक बदल तीन झाले. व्यक्ती आणि संघटना असा जो उल्लेख उद्देशात होता, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना असा मजकूर आला. सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातील सरकारी वकील अशी रचना झाली. आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला.

काकांचा फोन त्याच संध्याकाळी आला. त्यांना आनंद झाला होता आणि तो लपत नव्हता. हा बदल आमच्या पत्रामुळे झाला असं मी म्हणणार नाही. एवढ्या सूचनांत हीच गोष्ट आणखी कितीतरी जणांनी लिहिली असणार. पण आपला मुद्दा बरोबर होता, हे त्यांना आयुष्यभर पुरेल.

‘अवज्ञा’ मात्र जागची हलली नाही. व्याख्या जवळपास तशीच राहिली, ‘कल असणारं’ही राहिलं. उद्देशातल्या बदलाने दिलासा मिळाला असं अनेकांना वाटलं. मला ‘तशा प्रकारच्या’ या दोन शब्दांनी तो परत घेतल्यासारखं वाटतं. आणि एखाद्या विचारसरणीचं नाव कायद्यात घालणं हा नवाच प्रश्न झाला. विचार आणि कृत्य यांच्यातली रेघ व्याख्येत स्पष्ट हवी होती. ती तिथे न काढता उद्देशात विचाराचं नाव आलं.

प्रक्रियेविषयी एक गोष्ट राहते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं, आलेल्या सूचनांचा सारांश प्रसिद्ध करावा, आणि त्यांवरची उत्तरं मंत्रिमंडळापुढच्या टिपणात द्यावीत, असं आहे. ते राज्यांना बंधनकारक नाही. महाराष्ट्राने आपलं स्वतःचं तसं धोरण करावं, आणि कायद्यातच घालावं, ही आमची पाचवी सूचना होती. मुदतीपेक्षा मला उत्तरांची अट मोलाची वाटते, फक्त ती उत्तरं लोकांपर्यंतही यायला हवीत. सूचना नाकारली तर का नाकारली, हे दोन ओळींत कळलं असतं तर पेठच्या ताईंना त्यांच्या एसटीच्या हिशेबाचं काहीतरी उत्तर मिळालं असतं. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ प्रमाणे अमलात असलेल्या कायद्यांतल्या हक्करक्षणाच्या तरतुदींचा आढावा घेणं हे मानवी हक्क आयोगाचं काम आहे. मसुद्याच्या टप्प्यावरच तो आढावा व्हावा, असंही आम्ही लिहिलं होतं.

याच नाशिकमध्ये कायदा उलट्या दिशेनेही घडलेला आहे. २०१३ मध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा इथे खून झाला आणि त्यामागचा जातपंचायतीचा जाच उघड झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम सुरू केली, वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे येऊन बोलू लागली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा १३ एप्रिल २०१६ ला विधिमंडळात मंजूर झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. तो उघडून बघा. बहिष्काराचे प्रकार त्यात एकेक करून लिहिले आहेत: लग्नाला, मयताला येऊ न देणं, देवळात किंवा सार्वजनिक सोयी वापरू न देणं, असे. कुणाला काय केलं तर गुन्हा, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. सोसलेल्या माणसांचं ऐकून लिहिलेल्या कलमांचा सुबकपणा असा असतो.

गटातले सहा जण अजून भेटतात. त्या झेरॉक्स प्रती वाचनालयाच्या कपाटात आहेत, कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या शब्दांसकट. परवा एका दुसऱ्या खात्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी निघाला. मला कळायच्या आत पेठहून फोन आला. ‘‘ताई, मुदत किती दिवसांची आहे? आणि या वेळी हॉलला ते पान आधी दाखवू नका.’’